नाल्यापलीकडचे नर

फ्रीगंज, उज्जैन
१३ जानेवारी २०२५, सोमवार

शैलावन्सं,

तर मांडल्यातच तुम्ही मधमाश्यांच्या पेट्या. नाल्याच्या पलीकडे, भय्यासाहेबांच्या धनियात, माझ्या पेट्यांच्या कुंपणावरून खडा फेकला तर लागेल इतक्या जवळ. साऱ्या मालव्यात धनिया तिथंच फुललाय का? मक्सीला सरसों नाही, धनिया नाही, काहीच नाही, सगळी मक्सी वाळवंट झाली? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. मक्सीच्या बसचा कंडक्टर देवास गेटला माझ्या ओळखीचा आहे, तो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याकडे ठेवील. मी चौथी शिकलेली, तुम्ही मास्तरीण. चुका दिसल्या तर लाल पेनानं खुणा करा, पण आधी मजकूर वाचा.

मी भय्यासाहेबांकडे गेले होते. ते उन्हात बसून हरभरा सोलत होते. म्हणाले, शैलाबाईंनी विचारलं, मी हो म्हटलं, माश्या असल्या की धनिया दाणा चांगला धरतो. तुमच्या माश्यापण माझ्याच शेतात चरतात ना, मी कधी काही म्हटलं? मी म्हटलं, चरण्याचं भांडण नाही, नरांचं आहे. तर हसायला लागले. "अहल्याबाई, आता माश्यांच्यापण कुंडल्या जुळवता काय?" बायकोला हाक मारून तिलाही ऐकवलं. हसू देत. त्यांना समजावत बसायला मला टाइम नाही.

तुम्हाला समजावायची गरज पडू नये. तात्यांच्या हाताखाली तुम्ही माझ्या आधीपासून शिकलात, मी तर सून म्हणून मागाहून आले. पण माणूस सोयीनं विसरतं, म्हणून लिहिते. राणी जन्माला आली की थोड्या दिवसांत दुपारची उडते, उंच जाते, तिथं दहा-पंधरा नर तिला गाठतात, आणि त्यावर ती जन्मभर अंडी घालते. पुन्हा कधी त्या कामाला बाहेर पडत नाही. हे सगळं वर आभाळात होतं. तिथं आपला हात पोचत नाही. आपल्या हातात एवढंच, की आभाळात नर कोणाचे असावेत. दुसऱ्याच्या पेट्या लांब ठेवा आणि आपले नर भरपूर सोडा, तरच पुढची पोरं आपल्या मनासारखी निपजतात. हे वाक्य तात्यांचं आहे, माझं नाही.

तात्या रेल्वेतून रिटायर झाले तेव्हापासून जी पेटी वैशाखातली लू सोसून उभी राहील तिच्याच राण्या पुढे वाढवत आले. त्यातून माझी थोरली राणी निघाली. मेमध्ये दुसऱ्यांच्या पेट्या ओस पडतात, थोरलीच्या भरलेल्या असतात, आणि चेहऱ्याला जाळी न लावता उघडली तरी डंख नाही. आता ती म्हातारी झाली आहे. अंडी कमी घालते. तिच्या लेकी मी याच दिवसांत तयार करते आहे, त्या नीट फळल्या तर तिचा वंश राहील, नाहीतर संपलं. आणि अशा टायमाला तुम्ही पंजाबच्या पिवळ्या माश्या आणून नाल्यावर बसवता. हो, पिवळ्या विकत घेतल्यात हे मला कळलं आहे. मक्सीकडची माणसं इकडेही येतात.

काल एका छोट्या पेटीचं दार सैल राहिलं आणि माझी एक कोवळी राणी दुपारी निसटली. परत आली तेव्हा शेपटाशी पांढरा धागा. म्हणजे काम झालं. कोणाबरोबर झालं असणार? तुमच्या नरांबरोबर. ती राणी चिमटीत धरून मारायचीच होती, पण हात रिकामा नव्हता, म्हणून तिची पेटी कोपऱ्यात गोणपाटाच्या बोऱ्यांच्या मागे ढकलून दिली. बाकीच्यांच्या दारांना जाळ्या लावून मी पहारा करते आहे.

वाटणीच्या वेळी ठरलं होतं, मी चिंतामण रोडच्या बाजूला, तुम्ही मक्सीला. निवड मी केली, कबूल, कारण यांच्या मागे पेट्या सांभाळत मीच होते. उरलेल्या चिडक्या पेट्या टेंपोत चढवल्यात आणि गेलात. मी तुमच्या भावाच्या तेराव्याच्या आधी पेट्यांची गोष्ट काढली म्हणून चार जणांत मला बोल लावलात, तेही मी ऐकून घेतलं. मग आता नाल्याशी का आलात?

पेट्या हलवा. उद्या संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, गोड बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही.

अहल्या


२ फेब्रुवारी, रविवार

शैलावन्सं,

कागद पोचला म्हणायचं. काल सकाळी गेले तर नाल्यापलीकडे धनियात नुसते चौकोनी दाब दिसले, गवत पिवळं पडलेलं. पेट्या नाहीत. भय्यासाहेब म्हणाले, बाई आल्या, टेंपो आणला, स्वतः चढवल्या, चहाला थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत. तुम्ही माझ्या कुंपणापर्यंत येऊन गेलात. मी तेव्हा तिथंच होते, पंपाच्या खोलीत. टेंपोचा आवाज ऐकला होता, मला वाटलं ट्रॅक्टर आहे.

मी म्हटलं होतं हलवा, तुम्ही हलवल्यात. तक्रार नाही.

पण धोका गेला असं समजू नका. चिंतामण रोडला राजस्थानच्या ट्रकवाल्यांनी मांडलं आहेच. म्हणून तात्यांनी एकदा करून दाखवलेली तरकीब करते आहे. राण्यांच्या छोट्या पेट्या आणि माझ्या नरांच्या पेट्या पंपाच्या खोलीत ठेवते. ती खोली अर्धी जमिनीत आहे, ओले बोरे टाकले की दुपारीही गार. बाहेर लोकांचे नर दुपारभर उडतात, दमतात, ऊन कललं की आपापल्या घरी जातात. तेव्हा मी माझ्या पेट्या बाहेर काढून दारं उघडते. दिवसभर कोंडलेले असतात, एकदम सुटतात. तेवढ्या घटकेपुरतं आभाळ फक्त माझ्या माश्यांचं. मग कोणी परका मध्ये येत नाही.

तरकीब चांगली आहे, फक्त दोन माणसांची आहे. पेटी उचलायला एक बाजू तुमच्या भावाची असायची, एक माझी. पायऱ्या चढताना ते शिट्टी वाजवायचे, म्हणजे पाय कुठे टाकायचा ते मला कळायचं. आता एका फळीला चाकं ठोकली आहेत, तिच्यावर ओढते. पायऱ्यांवर चाकं काय कामाची. पेटीचा धक्का लागला की आत सगळ्या एकदम गुरगुरतात, मी तिथंच थांबते, शांत झाल्या की पुढची पायरी. पाठ गेली आहे. मजूर लावला होता, पहिल्याच डंखाला पळाला.

काल संध्याकाळी एक राणी परत आली, धागा घेऊन. मी मोठ्यानं म्हटलं, "आली." पूर्वी असं म्हटलं की ते खडूनं पेटीवर खूण करायचे. मी म्हटलं आणि मग आठवलं की खडू माझ्याच पदराच्या गाठीला आहे. खूण केली. खोलीला कुलूप लावलं. फ्रीगंजला येईपर्यंत दिवे लागले होते. वरण टाकलं. एका माणसाचं वरण मला अजून जमत नाही, दोन दिवस तेच पुरतं.

हे तुम्हाला कळवायचं काही कारण नव्हतं. कागद कोरा राहिला होता म्हणून लिहिलं.

अहल्या


२२ फेब्रुवारी, शनिवार

शैलावन्सं,

धनियावर काय फवारलंत? सरळ सांगा.

राण्या फळल्या, अंडी घातली, मी खुशीत होते. परवा चौकटी काढून बघितल्या तर पोळं चाळणीसारखं. एक घर बंद, शेजारचं रिकामं, मग दोन बंद, तीन रिकामी. फळीसारखं सपाट भरलेलं असायला हवं ना? असं एका पेटीचं नाही, सगळ्यांचं. थोडंथोडं गेल्या दोन वर्षांपासून होतं, तेव्हा मी थंडी म्हटलं. आता थंडी नाही. रिकाम्या घरात मेलेली अळी नाही, वास नाही, काही नाही. अंडं दिसतं, दोन-तीन दिवसांनी बघावं तर अळी गायब. कोणी उचलून नेल्यासारखी.

म्हणजे विषच. पेट्या नेल्यात, जाताना काहीतरी ठेवून गेलात. किंवा भय्यासाहेबांना फवारायला सांगितलंत. त्यांना विचारलं तर ते चिडले, म्हणाले माझ्या शेतात मी काय मारतो ते माझं मला माहीत, आणि मी काहीच मारलेलं नाही. मग कुठून आलं?

तुम्हाला माझा राग आहे तो माझ्यावर काढा. तोंडावर बोला, शिव्या द्या, मी उभी राहते. माश्यांनी तुमचं काय केलं? थोरली तर तात्यांच्या हातची आहे. ती आता फार दिवस नाही. तिच्या लेकींचं असं झालं तर माझ्याकडे मागे काय राहतं ते तुम्हीच सांगा. घर भाड्याचं आहे, मूल नाही, तुमचा भाऊ नाही.

मी हे सगळीकडे सांगणार. आधी तुम्हाला सांगते आहे.

अहल्या


७ मार्च, शुक्रवार

शैलावन्सं,

हा कागद सगळा वाचा. मध्ये टाकून देऊ नका, मागचा काही कामाचा नव्हता, हा आहे.

महाशिवरात्रीला तुमचा फोन आला तेव्हा मी टावर चौकात पोह्यांच्या ठेल्यापाशी उभी होते. यात्रेकरूंची एवढी गर्दी की प्लेट हातात धरून खाता येत नव्हतं. तुमचं नाव बघून मला वाटलं चुकून लागला. तुम्ही एकच वाक्य बोललात. "अहल्या, तात्यांच्या माश्यांना मी विष घालीन?" मी विचारलं, आता तुम्हाला आठवले तात्या? तोवर फोन बंद. नंतर मी लावला, तुम्ही उचलला नाहीत. बरं केलंत, मी रागातच होते.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. तात्यांच्या माश्या माझ्याकडे, तुमच्याकडे पंजाबच्या पिवळ्या. तात्यांच्या टाकून पिवळ्या घेणारीला तात्यांच्या माश्यांचा एवढा कळवळा कुठून? बोऱ्यांच्या मागे ढकललेली ती पेटी आठवली, निसटलेल्या राणीची. जिला मारायचं राहून गेलं. इतके दिवस तिच्याकडे बघितलंही नव्हतं. उघडली.

पोळं फळीसारखं भरलेलं. एक घर रिकामं नाही. आणि नव्या निघालेल्या कामकऱ्या सावळ्या, एकसारख्या, थोरलीच्या घरात शोभतील अशा. पिवळी एक नाही. मी हात आत घातला, चिडल्याही नाहीत. तुमचे नर पिवळ्या माश्यांचे असते तर पोरी अशा सावळ्या निघाल्या नसत्या. म्हणजे तुम्ही विकत काही घेतलेलंच नाही. वाटणीतल्या त्या चिडक्या पेट्या, तात्यांच्याच, त्याच तुम्ही सांभाळल्यात. लोक मला काहीबाही सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले.

तरी माझ्या बाकीच्या पेट्यांना झालंय काय, ते कळेना. माशीपालन केंद्रात एक निखिल म्हणून नवीन मुलगा आला आहे. त्याला बोलावलं. मला वाटलं फालतू असेल, सारखा मोबाईलमध्ये बघतो. पण चौकट उन्हात धरून त्यानं नीट बघितली. म्हणाला, ना रोग आहे ना विष. विचारलं, नर कुठले सोडता? मी अभिमानानं सांगितलं, फक्त माझे. तीन वर्षं बाहेरचा एक नर लागू दिला नाही. सगळ्या पेट्या थोरलीच्या लेकी-नातींच्या.

तो म्हणाला, "तेच तर झालंय मावशी. तुम्ही सगोत्र लग्नं लावलीत."

मी त्याला म्हटलं, तोंड सांभाळ. मग त्यानं समजावलं. राणी आणि नर एकाच रक्ताचे झाले की काही अंडी चुकीची निघतात. कामकरी व्हायची ती निकामी नर होतात. आणि घरातल्या कामकऱ्यांना ते लगेच कळतं. अळी अंड्यातून निघाली रे निघाली की त्या तिला खाऊन टाकतात. म्हणून मेलेली दिसत नाही, वास येत नाही. बाहेरून कोणी येऊन काही करत नाही. त्यांचं त्याच करतात. जितकं कुंपण घट्ट, तितकी चाळणी मोठी. मी ओले बोरे टाकून, पेट्या पायऱ्यांवरून ओढून, पाठ मोडून जे केलं, त्यानंच हे झालं.

मी विचारलं, मग काय ट्रकवाल्यांचे नर येऊ देऊ? पोळं भरेल, पण पहिल्याच मेमध्ये सगळं झोपेल. तो म्हणाला नाही, तुमच्याच मुलखातले हवेत, लू सोसलेले, पण दुसऱ्या आईचे. तसे कुणाकडे आहेत का?

मी म्हटलं, आहेत. माझ्या नणंदेकडे.

त्याला वाटलं झालं काम. म्हणाला, मग लावा फोन. लहान आहे अजून.

तर आता नीट ऐका. मी वाटणीत थोरलीच्या सगळ्या पेट्या घेतल्या, तुमच्याकडे तात्यांच्या बाकीच्या राण्यांचं गेलं. दोघींकडे अर्धं-अर्धं आहे. माझ्याकडचं एकट्यानं टिकत नाही, हे तर दिसलंच. तुमच्याकडच्या चिडक्या आहेत, पण त्या लू सोसतात, नाहीतर तीन उन्हाळे निघाले नसते. निसटलेल्या राणीच्या पेटीत दोन्ही आलं आहे, गरीबपणापण आणि भरलेलं पोळंपण. तुमची पोळी माझ्यासारखी चाळणी झाली आहेत का ते मला माहीत नाही. झाली नसतील तर होतील, तुम्हीही कुणाला जवळ येऊ देत नाही. बघून सांगा.

थोरलीनं अंडी घालणं जवळजवळ सोडलं आहे. शेवटच्या अळ्यांमधून मी नव्या राण्या बसवल्या आहेत, त्या होळीच्या सुमाराला बाहेर येतील. रंगपंचमीपर्यंत त्या उडाल्या पाहिजेत. पुढे ऊन तापलं की नर पेट्यांतून हाकलले जातात आणि मग या वर्षी काही नाही. पुढच्या वर्षाला थोरली नसेल. दुसऱ्यांदा हे करता येणार नाही.

मला तुमच्या नरांच्या पेट्या पाहिजेत. नर तयार असलेल्या, हाडापेरानं मजबूत. माझे सगळे नर मी जाळ्या लावून आत कोंडून ठेवीन, एक बाहेर पडणार नाही. संध्याकाळची तरकीबच करू, म्हणजे ट्रकवाले मध्ये येणार नाहीत. आभाळात राण्या माझ्या आणि नर तुमचे. ज्या फळतील त्यातल्या अर्ध्या तुम्ही न्या. निवड या वेळी तुम्ही करा. मी बोलणार नाही. बोलले तर टोका.

भय्यासाहेबांशी बोलले आहे. त्यांच्यावर मी फवारणीचा आळ घेतला होता तरी ते हो म्हणाले, पण म्हणाले या खेपेला चहा प्यायलाशिवाय तुमच्या नणंदबाईंना जाऊ देणार नाही. मी म्हटलं ते तुम्ही आणि त्या बघा. आणि धनिया आता झडला आहे, पण शेताच्या बांधावर करंज फुलतो आहे, तुमच्या माश्या उपाशी राहणार नाहीत. पेट्या नाल्यापलीकडेच ठेवा. किंवा नाला ओलांडून अलीकडे ठेवा, माझ्याकडे जागा आहे.

विषाचं जे लिहिलं ते कुणाला सांगितलेलं नाही. तेवढं खरं समजा.

नुसत्या पेट्या टेंपोवाल्याबरोबर पाठवू नका. पंपाच्या खोलीच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत. तिथून भरलेली पेटी एका माणसानं निघत नाही, मी करून बघितलं आहे. दुसरी बाजू धरायला कोणी पाहिजे. मजूर नको. ज्याला पेटी कुठे धरायची ते कळतं असं माणूस पाहिजे. शिट्टी वाजवता येत नसली तरी चालेल.

राहायचं म्हणाल तर फ्रीगंजला एक खोली रिकामीच असते. वरण जास्तच होतं.

गुरुवारी १३ तारखेला होळी आहे. त्या दिवशी दुपारची मक्सीची बस देवास गेटला लागेल तेव्हा मी तिथं उभी असेन. कंडक्टरच्या हाती हो लिहून द्या नाहीतर नाही लिहून द्या. तुमचं अक्षर मला वाचता येतं. पण त्याला हात हलवत पाठवू नका, गुरुवारी मला उत्तर पाहिजे.

अहल्या